जमीन बसली की सरकली?

उरणच्या बाजूला खाडीलगत कंटेनर यार्डचं काम चालू होतं. वर खारं गवत, खाली दहा-बारा मीटर मरीन क्ले, म्हणजे समुद्रकाठची मऊ चिकणमाती. असल्या चिखलातलं पाणी पंपाने निघत नाही. त्यासाठी 100 मिलिमीटर रुंदीच्या, कापडी गाळणीत गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या (साइटवर सगळे पीव्हीडी म्हणतात) मीटर-मीटरवर तळापर्यंत खुपसायच्या, वर वाळू पसरायची आणि त्यावर मुरमाचा भराव चढवायचा. भाराने पाणी पट्टीत शिरतं, पट्टीतून वर वाळूत येतं आणि माती आक्रसून खाली बसते. पाण्याची वाट निम्मी झाली की वेळ चौथाई होतो, त्यामुळे वर्षानुवर्षांचं बसणं काही महिन्यांत उरकतं.

पण भराव टप्प्याटप्प्यानेच टाकायचा. आमच्या मातीची ताकद चौरस मीटरला जेमतेम 10 किलोन्यूटन. अशी माती ताकदीच्या साधारण पाचपट भार पेलते, म्हणजे पावणेतीन मीटर भरावाला ती कडेलोटावर येते. आम्ही पावणेदोनवर थांबलो होतो.

डंपरना रात्रीच मोकळा रस्ता मिळतो, म्हणून ठेकेदाराच्या माणसांनी एका रात्रीत वर आणखी मीटरभर मुरूम ओतला. सकाळी लेव्हल धरणारा पोऱ्या धावत आला, "साहेब, बाहेरची जमीन वर आलीय!"

भरावाच्या माथ्यावर कडेला समांतर लांबच लांब भेग. सेटलमेंट प्लेट (जमीन किती बसली ते दाखवणारी) रात्रीत बारा सेंटिमीटर खाली, एरवी दिवसाला एखादा सेंटिमीटर जायची. आणि पायथ्याबाहेर, जिथे आम्ही काहीच टाकलं नव्हतं, तिथे चिखलाचा उंचवटा.

ठेकेदाराचा मॅनेजर खूश. "बसावी म्हणूनच तर माती टाकतोय ना? बसली की!"

प्रश्न वरवर बिनतोड होता. पण पाण्याने भरलेली चिकणमाती रातोरात आक्रसत नाही, पाणी निघायला वेळ लागतो. मधली जमीन एकदम खाली गेली आणि बाजूची वर आली, याचा अर्थ पाणी गेलेलं नाही, माती सरकली आहे. मातीतल्या पाण्याचा दाब मोजणारा पिझोमीटरही तेच सांगत होता, दाब चढलेला. मी मॅनेजरला भेगेत टेपची पट्टी सोडायला लावली. हात कोपरापर्यंत आत गेला, तेव्हा त्याने स्वतःच फोन काढून डंपर थांबवले.

पोकलेन कडेवर नेणं धोक्याचं, म्हणून लांब बूमचं मशीन आतल्या बाजूने लावून कडेचा मुरूम उतरवला आणि तोच पायथ्याबाहेरच्या उंचवट्यावर पसरला. पायथ्याला वजन दिलं की घसरणाऱ्या मातीला उलटा टेकू मिळतो. हे काम उशिरापर्यंत चाललं. मॅनेजरला उतरवलेल्या मुरमाचं बिल कोण देणार याची काळजी. माझ्या मते ते त्यानेच द्यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी उंचवटा वाढायचा थांबला. पुढे पिझोमीटर हळूहळू उतरला, आम्ही पुन्हा व्हेन टेस्ट (मातीत पाती फिरवून ताकद मोजायची चाचणी) घेतली, ताकद वाढलेली दिसली. मग पुढचा थर टाकला, पण अर्ध्याच मीटरचा, आणि दिवसाउजेडी.