मासे खात नाहीस, मग मंगळूरला कशाला जातेस?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, लिफ्टमध्ये, एकदा तर दाताच्या डॉक्टरांकडे तोंड उघडं असताना विचारला गेलाय. विचारणाऱ्याला उत्तर फारसं नकोच असतं. पुढचं वाक्य त्याच्या ओठांवर तयार असतं : "आणि त्यात तू मालवणची!" म्हणून एकदाच सगळं मांडते. पुढच्या वेळी कुणी विचारलं की हेच पाठवीन.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी माळ घातलेली नाही, डॉक्टरांनी काही बंद केलेलं नाही, अंगावर पित्तही उठत नाही. मला मासे आवडत नाहीत, बस्स. कोंबडी खाते, अंडी खाते, पाण्यातलं काही खात नाही. एवढी साधी गोष्ट लोकांना पचत नाही. माझी एक मैत्रीण सोमवारी, संकष्टीला आणि अख्खा श्रावण मासे खात नाही. तिला कुणी आग्रह करत नाही, तिच्यासाठी वेगळी भाजी टाकली जाते. व्रताला मान असतो. नावडीच्या वाट्याला समजूत येते : "एकदा नीट केलेला खाऊन तरी बघ." माझी आजी तिरफळं घालून बांगड्याचं जे तिखलं करायची, त्याहून नीट करणारं कुणी तुमच्या माहितीत असेल तर कळवा. त्या तिखल्याचा वास मला आजही आवडतो. वासापर्यंतच.

तर मंगळूर. आम्ही पाच जण, कॉलेजपासूनचे. दुपारी कुर्ल्याहून मत्स्यगंधा एक्सप्रेस पकडायची, डबा उघडून गप्पा मारायच्या आणि सकाळी मंगळूरला उतरायचं. उतरल्या उतरल्या बन्स. पिकलेलं केळं कुस्करून मैद्यात मळलेल्या, जिऱ्याची किंचित चव असलेल्या या गोडसर फुगीर पुऱ्या इतर कुठे खाल्ल्या तर त्या केळ्याच्या पुऱ्याच लागतात. मग गोळीबजे, आंबट दह्यात भिजवलेल्या मैद्याची भजी, खोबऱ्याच्या चटणीबरोबर. नीर डोसा ही आमच्या घावनाची सख्खी बहीण. पीठ आंबवत नाहीत, तव्यावर उलटत नाहीत, आणि मऊपणात ती थोरली आहे हे मालवणची असूनही मान्य करते.

दुपारनंतर कार स्ट्रीट. वेंकटरमणाच्या देवळाच्या आसपासचा हा भाग गौड सारस्वतांचा. तिथे माझी मालवणी आणि त्यांची कोंकणी मिळून गाडी छान चालते. हिंगाचा सणसणीत वास असलेलं वरण म्हणजे दाळितोय, फणसाच्या पानांच्या द्रोणात वाफवलेल्या इडल्या म्हणजे खोट्टे, उन्हाळ्यात गेलात तर ओल्या काजूंची परतलेली भाजी, बिब्या उपकरी. ख्रिश्चन ओळखीच्यांकडे सान्नां, म्हणजे तांदळाच्या फुगलेल्या इडल्या, आणि बाफत मसाल्यातलं डुकराचं मांस. आणि कोरी रोट्टी : तांदळाची कागदासारखी पातळ, कुरकुरीत रोटी मोडून घ्यायची आणि वरून कोंबडीचा लालभडक रस्सा. ती कुरकुरीत असतानाच संपवायची की भिजू द्यायची यावर आमच्यात दोन तट आहेत. मी भिजवणाऱ्यांतली.

एकदा मी म्हटलं, जुलैच्या शेवटी जाऊया. तुळू लोकांचा आटी महिना असतो. अळूची पत्रोडे, टाकळ्याची भाजी, कोवळ्या बांबूचे कोंब, सगळं पावसातलं. आटीच्या अमावास्येला पहाटे सातविणीच्या सालीचा कडू काढा उपाशीपोटी पितात आणि वर मेथी घातलेली पेज खातात. मला तो काढासुद्धा प्यायचा होता. पण पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यंत्रबोटींना मासेमारी बंद असते. चौघांनी एका सुरात विचारलं, "मग खायचं काय?" मी आत्ताच सांगितलेली यादी वाचून दाखवली. नंतर कुणी विषय काढला नाही.

आता ही यादी मी तुम्हाला एवढ्या हिरिरीने का ऐकवतेय, हे माझं मलाही कळतं. कारण खरी अडचण दुपारच्या जेवणाची आहे, आणि ती यादीत नाही. दुपारी आम्ही मासळीच्याच खाणावळीत जातो. बंदराकडच्या गल्ल्यांत, जिथे रांग लावून उभं राहावं लागतं आणि मोकळ्या खुर्चीवर पिशवी ठेवायचीही सोय नसते. मसाला लावलेले मासे ताटात मांडून टेबलापाशी आणतात, बोट ठेवायचं आणि तो तळून येतो. काणे म्हणजे आपली मुडदुशी, अंजल म्हणजे सुरमई, मरवाय म्हणजे तिसऱ्या. चिंच आणि ब्याडगी मिरचीतली बांगड्याची पुळीमुंची. वाढपी माझ्यासमोर ताट धरतो, "अक्का?" म्हणतो, मी मान हलवते आणि उकड्या तांदळाचा भात, सारू म्हणजे पातळ सार, एखादी उपकरी जेवते. कधीकधी कंटाळा येतो. एकदोनदा भूक राहिलीय. हेही तुम्ही विचारलंत म्हणूनच.

अशाच एका जेवणानंतर ते घडलं.

बिल आलं. आमच्यातला एक जण सहलीचा हिशेब ठेवतो, त्याला आम्ही खजिनदार म्हणतो. त्याने फोन काढला, बोटं चालवली आणि आमच्या ग्रुपवर आकडे टाकले. बाकी चौघांपुढे साडेआठशेच्या आसपास आणि माझ्या नावापुढे नव्वद.

"हे काय?"

"तू भात आणि सारूच जेवलीस ना? आमच्या अंजलचे पैसे तू का भरायचे?"

"आजवर समान वाटत आलोय."

"चुकतच होतं ते. मला किती दिवस खटकत होतं. परवा घरी आम्ही दोघं यावर बोललोसुद्धा."

त्या शेवटच्या वाक्याने काय झालं, ते मी बऱ्याच जणांना समजावून सांगायचा प्रयत्न केलाय. मुंबईतल्या एका स्वयंपाकघरात, माझ्या पाठीमागे, माझ्या ताटाबद्दल चर्चा झाली होती. मायेने झाली होती, यात शंका नाही. तो मुळात मायाळू माणूस. रेल्वेत वरचा बर्थ नेहमी स्वतः घेतो. पण त्या मायेतून आलेला निकाल काय होता? की त्या तासाभरात टेबलावर जे झालं, त्यातलं माझं नव्वद रुपयांचं. मी त्या तासात काय करत होते? काट्यांची ताटली ज्याला लागेल त्याच्याकडे सरकवत होते. पुळीमुंची किती तिखट आहे हे एकाच्या नाकावरून ओळखून त्याच्यासाठी पाणी मागवत होते. काणे बरा की अंजल, या वादात मत देत होते. तो अधिकार मला नाही हे कबूल, पण माझं मत विचारलं जायचं, आणि एकदा तर माझ्या मतावर दुसरा काणे मागवला गेला. नव्वदच्या आकड्याने मला एका क्षणात पाहुणी केलं.

दुसरा एक जण हसत म्हणाला, "अगं, घे की फायदा. नव्वद रुपयांत मंगळूर!"

सगळे हसले. मीही हसले असते तर तिथेच संपलं असतं. मी बडीशेपेच्या वाटीखाली सातशे रुपये ठेवले, समान वाटणीने तेवढेच होत होते. खजिनदाराने त्यातले सहाशे परत सरकवले. मी पुन्हा ठेवले. असं तीन-चारदा झालं. वाढपी बिलाची वही धरून उभा, रांगेतले लोक आमच्या खुर्च्यांकडे डोळे लावून. शेवटी तो म्हणाला, "उगाच तमाशा करू नकोस. न्यायाचं बोलतोय मी." मी नोटा तशाच ठेवून उठले आणि रिक्षा करून हंपनकट्ट्याला गेले.

तिथे आयडियलचं आइस्क्रीम पार्लर आहे. १९७५ पासून हे नाव मंगळुरात आहे, आणि तिथलं गडबड खाल्ल्याशिवाय आमची कुठलीच खेप पूर्ण होत नाही : उंच ग्लासात आइस्क्रीमचे थर, मधे जेली, फळांचे तुकडे, काजू. मी एकटीने मागवलं. अर्ध्यावर आले तेव्हा चौघे दारात. कुठे गेले असेन हे त्यांना न सांगता कळलं होतं, याचा मला रागही आला आणि बरंही वाटलं. त्यांनी खुर्च्या ओढल्या. तिघांनी गडबड मागवलं. खजिनदाराला साखर आहे, तो पाणी पीत बसला.

बिल आलं आणि पाचात वाटलं गेलं. त्याने एक चमचाही तोंडात घातला नव्हता. कुणी काही म्हणालं नाही. त्याने आपला पाचवा हिस्सा ठेवला. मीही गप्प बसले. "तू खाल्लं नाहीस, तू का भरतोस?" असं मी म्हटलं असतं तर माझाच मुद्दा मोडला असता. न म्हटल्यामुळे तो टिकला का, माहीत नाही. त्याला माझं म्हणणं पटलं होतं, की दुसरा तमाशा टाळायचा होता, हेही मी विचारलेलं नाही.

आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे बोट दाखवणारी मैत्रीण हे वाचणारच आहे, म्हणून मीच सांगते. तिशीत याच टोळीबरोबर गोव्याला गेले असताना मी भर टेबलावर म्हटलं होतं की तुमच्या बियरचे पैसे मी भरणार नाही, मी लिंबू सरबत प्यायलेय. तेव्हा खजिनदाराने निमूटपणे माझा हिशेब वेगळा काढला होता. तिशीतल्या त्या मुलीला, म्हणजे मलाच, आज मंगळूरचा किस्सा सांगितला तर ती बिनदिक्कत त्याच्या बाजूने उभी राहील. मी तिला सांगेन की तेव्हा माझा पगार काय होता ते आठव. ती म्हणेल, म्हणजे तत्त्व नव्हतंच, पैशाची गोष्ट होती; आता पैसे आहेत म्हणून मान हवाय. मी म्हणेन, बियर वेगळी. ती विचारेल, कशी वेगळी? इथे मी अडते. बियर वेगळी आहे असं मला अजूनही वाटतं.

त्यानंतर हिशेब पुन्हा समान होऊ लागला. पण आता खजिनदार मासळीच्या खाणावळीतही मला न विचारता कोंबडीचं सुकं मागवतो, आणि ते नसेल तर ऑम्लेट. माझ्या पोटात माझ्या हिश्श्याचं काहीतरी जावं म्हणून. मला हे आवडत नाही, मी त्याला तसं सांगितलंय, आणि मागवलेलं मी खातेही, कारण भूक असते.

तर कशाला जातेस, याचं एका वाक्यातलं उत्तर तुम्हाला हवं असेल तर ते माझ्याजवळ नाही. डिसेंबरची तिकिटं त्यानेच काढलीत, पाचांची एकत्र. चार कन्फर्म झालीत. माझं वेटिंगवर आहे, आणि यातही काही अर्थ शोधू नका, मी सांगायला उशीर केला होता.