आमची वाटचाल : बोअरिंगच्या खोलीतून लॉनवर

घाट रोडच्या आतल्या गल्लीत बाबांनी बोअरिंगचं, म्हणजे इंजिनाचा झिजलेला सिलिंडर आतून कोरून नीट गोल करायचं काम सुरू केलं, तेव्हा नागपुरात घरोघरी स्कूटर नाहीतर लूना असायची. टू-स्ट्रोकचा ब्लॉक (सिलिंडरचा भाग) बोअर करायचा, मूळ मापापेक्षा किंचित मोठा, म्हणजे ओव्हरसाइज पिस्टन बसवायचा, होनिंग मारून, म्हणजे आतली भिंत दगडाने घासून, संध्याकाळी परत द्यायचा. पुढे फोर-स्ट्रोक गाड्या आल्या आणि बोअरिंगला येणारे ब्लॉक आटत गेले. मशीन होती, हात बसलेला होता, पण काम नव्हतं.

त्या दिवसांत सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्याचे माळीभाऊ लॉन कापायच्या मशीनचं इंजिन सायकलच्या कॅरियरला बांधून घेऊन आले. "दोरी ओढू ओढू खांदा गेला ना भाऊ, पण चालू होऊनच नाही राहिली." बाबांनी प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून दोरी ओढायला सांगितली. दम नव्हताच. पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या, बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला, वरच्या बाजूला कडा पडलेली. काम स्कूटरसारखंच होतं, फक्त ते करून देणारं कोणी त्यांना सापडत नव्हतं. त्यांनी दुसऱ्या माळ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. आमची जाहिरात आजही बहुतेक तीच आहे.

नागपुरात हिरवळीला तोटा नाही. सिव्हिल लाइन्स, सेमिनरी हिल्स, कामठीची छावणी, कॉलेजांची आवारं, मैदानं. पावसाळ्यात गवत आठवड्याला वाढतं, तेव्हा मशीन बंद पडलेली कोणालाच परवडत नाही. दुसरी गर्दी दिवाळीच्या आसपास, कारण डिसेंबरात हिवाळी अधिवेशन आणि त्याआधी सगळ्या सरकारी बंगल्यांची लॉनं नीट हवीत. ज्या 1953 च्या नागपूर करारामुळे हे अधिवेशन नागपुरात भरतं, त्याचा असाही एक लाभार्थी आहे, हे कुठल्या इतिहासात सापडणार नाही.

या कामात आम्ही एक पद्धत धरली, आणि धंदा टिकला तो तिच्यावरच असं मला वाटतं: इंजिनाचा निकाल इंजिन पाहून लावायचा नाही, आधी खालची मशीन पाहायची. रोटरी मशीनचा, म्हणजे जिचं पातं पंख्यासारखं आडवं फिरतं तिचा, पत्र्याचा डेक (पात्यावरचं झाकण) कुजला असेल, चाकांच्या बुशा ढिल्या असतील, तर वर नवं इंजिन बसवून देणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे गवतात टाकणं. याउलट जुन्या सिलिंडर मशीन, ज्यांत पात्यांचा रोल खालच्या पट्टीला घासत कात्रीसारखं गवत कापतो, त्यांच्या बाजूच्या बिडाच्या प्लेटा पिढ्यान्‌पिढ्या टिकतात. रोल लॅपिंग करून, म्हणजे पेस्ट लावून घासून, धार लावली की कापणी आजच्या स्वस्त मशीनला लाजवते. अशा मशीनवर आम्ही मनापासून खर्च करायला सांगतो.

मग मापं. लॉनच्या मशीनवर सर्रास दिसणाऱ्या होंडाच्या 163 सीसी इंजिनाच्या बोअरचा व्यास 68 मिलिमीटर. कंपनीच्या पुस्तकात झिजेची हद्द 68.165, म्हणजे झीज मिलिमीटरचा सहावा हिस्सासुद्धा नाही. डोळ्यांना हे दिसत नाही, बोअर गेजलाच दिसतं. हद्दीच्या आत असेल तर होनिंग, नव्या रिंगा, वॉल्व्ह लॅपिंग आणि टॅपेट, म्हणजे वॉल्व्हची फट : इनलेट 0.15, एक्झॉस्ट 0.20 मिलिमीटर. बाहेर गेला असेल तर 0.25 मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन. या सगळ्याचा खर्च नव्या इंजिनाच्या निम्म्यावर जायला लागला, की आम्ही स्वतःच नवं घ्या म्हणतो. बोअरिंगवाल्याने असं म्हणणं बाबांना शेवटपर्यंत पटलं नाही.

क्रँक, म्हणजे पातं फिरवणारा इंजिनाचा दांडा, वाकला असेल तर प्रश्नच मिटला. दगडावर पातं आदळून वाकलेला क्रँक प्रेसवर सरळ करून देणारे आहेत, आम्ही देत नाही. त्याच्या टोकाला मिनिटाला तीन हजार फेरे घेणारं पातं असतं आणि मागे माणूस चालत असतो. मात्र पातं दगडावर आपटलं की दर वेळी इंजिन जातंच असं नाही. कित्येकदा फ्लायव्हीलला क्रँकवर धरून ठेवणारी छोटी चावी तेवढी कापली जाते, ठिणगीचं टायमिंग सरकतं आणि मशीन दोरीला उलटा झटका देते. क्रँक डायल गेजवर फिरवून सरळ निघाला, तर चावी बदलली की काम झालं. अख्खं इंजिन उघडून नवं करायच्या तयारीने आलेला माणूस तेव्हा आमच्याकडे संशयाने पाहतो.

इंजिन बदलायचं ठरलं तर अश्वशक्ती सगळ्यात शेवटी बघा. आधी शाफ्ट, म्हणजे क्रँकचं बाहेर आलेलं टोक, उभा की आडवा, जाडी किती, चावीची खाच कुठे, बोल्टांची भोकं जुळतात का, फिरण्याची दिशा कोणती. एका मशीनचा शाफ्ट 22.2 मिलिमीटरचा, दुसरीचा 25.4 चा. दिसायला सारखे, पण पात्याचा अडॅप्टर एकाचा दुसऱ्याला बसत नाही. सिलिंडर मशीनवर चेनचं दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेटही लेथवर नवं करावं लागतं, आणि तिथे आमच्या जुन्या लेथचा पुन्हा उपयोग होतो.

नागपूरचा मे महिना इंजिनासाठी वाईटच. पंचेचाळीस अंशांत, धुळीच्या मैदानावर, एअर फिल्टर न झटकता मशीन चालवली की रिंगा पुढच्या वर्षीच बदलायला येतात. ही इंजिनं हवेवर थंड होतात, त्यांच्या फिनांत, म्हणजे सिलिंडरच्या बाहेरच्या पातळ पट्ट्यांत, गवताचा चुरा बसला की उष्णता आतच राहते. तेल अर्ध्या-पाऊण लिटरच असतं, तेही दर 50 तासांनी बदललं जात नाही. अलीकडे पेट्रोलची नवी डोकेदुखी आलीय. पंपावर 20 टक्के इथेनॉल, आणि या इंजिनांच्या पुस्तकात 10 टक्क्यांपर्यंतच मुभा. इथेनॉल ओल धरतं. गवत थांबल्यावर टाकी भरलेली ठेवली, की उन्हाळ्याआधी कार्ब्युरेटरची वाटी हिरवी पडलेली सापडते. त्यामुळे हंगाम संपताना टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामा करून ठेवायचं कार्ड आम्ही प्रत्येक मशीनच्या हँडलला बांधून देतो.

बॅटरीवर चालणाऱ्या मशीनही आता दुरुस्तीला यायला लागल्यात. त्यांची मोटर-वायरिंगची बाजू माझा भाचा बघतो, मी फक्त पातं आणि डेक. पेट्रोलच्या मशीन अजून जास्त आहेत, आणि त्यांच्यासाठी एकच विनंती: इंजिन सोडवून आणू नका. पातं, हँडल, केबलसकट पूर्ण मशीन आणा, टाकी रिकामी करून.