रेवासोबतचा सातवा महिना: दुडकी चाल जमू लागली

माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने महालक्ष्मीला घोडेस्वारी शिकायला सुरुवात केली, त्याला या रविवारी सात महिने झाले. दुडकी चाल, म्हणजे घोड्याचे दोन ठोक्यांच्या लयीतले संथ धावणे, सुरू झाली की ती श्वास रोखून लगाम घट्ट धरते आणि रेवा, म्हणजे तिची कुमाईत (तांबूस-तपकिरी अंगाची, काळ्या आयाळीची) घोडी, चार पावलांत थांबते, असे मी मागच्या नोंदीत लिहिले होते. ती अडचण आता बहुतांशी सुटली आहे आणि ती खोगिरावर नव्हे, तर तबेल्यात सुटली, असे माझे ठाम मत आहे.

जुलैमध्ये मैदानात चिखल झाल्यामुळे तीन आठवडे स्वारी बंद होती. त्या काळात सईसकाकांनी, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्या काकांनी, लेकीला खरारा करायला, म्हणजे ब्रशने घोडीचे अंग घासायला शिकवले. घोड्याला कपाळाच्या अगदी समोरचे आणि शेपटीमागचे दिसत नाही, म्हणून त्याच्याकडे खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जायचे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले. आयाळ संपते त्या उंचवट्यावर खरारा फिरला की रेवा वरचा ओठ लांबवते आणि डोळे अर्धे मिटते, हे लेकीने दुसऱ्या आठवड्यात मला दाखवले; कान मागे चिकटले की हात आखडता घ्यायचा, हे तर तिने कोणी न सांगता ओळखले होते. एका सकाळी काकांनी रेवाच्या जबड्याखालची नाडी तिच्या बोटांना लावून दिली. शांत उभ्या असलेल्या घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात. लेकीने घड्याळ लावून ३६ मोजले आणि मोजता मोजता तिचा स्वतःचा श्वासही संथ झाला. मला ते पाहून फार भरून आले.

त्यानंतर स्वारी पुन्हा सुरू झाली. घोडीचा बाहेरच्या बाजूचा खांदा पुढे गेला की खोगिरातून उठायचे आणि मागे आला की बसायचे, ही लय लेक आता "एक, दोन" असे मोठ्याने म्हणत सांभाळते, त्यामुळे श्वास अडकत नाही आणि मुठीही सैल राहतात. रविवारी रेवा न थांबता मैदानाच्या सहा फेऱ्या दुडकली.

मुलांना स्वारीच्या वेळेपेक्षा अर्धा तास आधी तबेल्यात न्यावे, अशी इतर पालकांना माझी कळकळीची विनंती आहे. दिवाळीपर्यंत रिकिबीविना, म्हणजे पाय ठेवायच्या कड्यांशिवाय, दुडकीचा सराव करायचा असून कँटर, म्हणजे दुडकीहून वेगवान चाल, त्यानंतरच सुरू होईल.