कूलरच्या गावातला अ‍ॅम्प्लिफायर

नागपुरात अ‍ॅम्प्लिफायर घेतला जातो दिवाळीत आणि त्याची परीक्षा होते नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ भाजणाऱ्या दिवसांत. बर्डीवरच्या दुकानात गारव्यात गोड वाजलेला डबा, बाहेर ४५ अंश असताना दोन तासांत हात लावू देत नाही. म्हणून वॅटच्या आधी क्लास, म्हणजे आतल्या सर्किटची जात, विचारावा. क्लास एबी असेल तर हळू आवाजात त्याने घेतलेली बहुतेक वीज उष्णतेतच जाते. क्लास डी त्या मानाने थंड डोक्याचा, भर आवाजात ८५-९० टक्के वीज स्पीकरकडे पोचवतो. एबी जास्त मऊ वाजतो म्हणणारे खूप आहेत; डोळे बांधून ओळखायला सांगितलं की त्यातले बरेच अडखळतील.

एबी घ्यायला हरकत नाही, पण वर निदान १० सेंटिमीटर जागा मोकळी हवी. आतल्या, वीज साठवून ठेवणाऱ्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. आणि आपल्याकडे तर झाकणावरच्या जाळीवर क्रोशाचा रुमाल, रुमालावर फुलदाणी! शोकेसच्या बंद कप्प्यात ठेवणारे त्याहून थोर.

खोक्यावरचा ‘२००० वॅट पीएमपीओ’ हा क्षणभराच्या ताकदीचा फुगवलेला आकडा सरळ सोडून द्यावा. आकडा आरएमएस, म्हणजे सलग मिळणाऱ्या ताकदीचा हवा, तोही ८ ओहमच्या स्पीकरला, दोन्ही चॅनल एकदम वाजताना, आणि डिस्टॉर्शन (आवाजाची मोडतोड) किती ते लिहिलेलं. १० टक्के डिस्टॉर्शनवर मोजलेले वॅट म्हणजे फाटक्या आवाजाचे वॅट. ८८ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे (एका वॅटला एक मीटरवर ८८ डेसिबल देणारे) स्पीकर १० बाय १२ च्या खोलीत एकेका वॅटवर ८० डेसिबलच्या वर जातात. तबल्याच्या थापेला क्षणभर त्याच्या वीसपट-तीसपट ताकद लागते, तेवढ्यासाठी ४० वॅट पुष्कळ झाले. ८० वॅटवाल्याचे जास्तीचे पैसे मोजून हाती येतात फक्त ३ डेसिबल.

खरा वैरी कूलर. त्याच्या घरघरीत तानपुरा आणि खर्ज आधी बुडतात, मग व्हॉल्यूम चढतो आणि डबा आणखी तापतो. त्यापेक्षा खुर्ची पुढे ओढावी. अंतर निम्मं केलं की उघड्यावर ६ डेसिबल मिळतात, म्हणजे वॅट चौपट केल्यासारखं. खोलीत जरा कमी, पण फुकट. कूलरच्या झोतात मात्र अ‍ॅम्प्लिफायर ठेवू नये. त्या दमट हवेने टर्मिनल काळी पडतात.

जुना घेणार असाल तर आधी मागची पट्टी वाचावी. अमेरिकेतून आलेला १२० व्होल्टचा माल आपल्या २३० वर थेट लावला की धूरच. मग स्पीकर न जोडता, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून डबा दहा मिनिटं चालू ठेवावा आणि मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर लावून आधी एका, मग दुसऱ्या चॅनलच्या स्पीकर टर्मिनलच्या जोडीवर धरावा. ५० च्या आत असेल तर ठीक, १०० च्या वर असेल तर नमस्कार करून निघावं. व्हॉल्यूमची खरखर कॉन्टॅक्ट क्लीनरने बहुधा जाते. ती ऐकून तोंड वाकडं करावं आणि घासाघीस तिथूनच सुरू करावी.