टोनोपाह: चांदीचा भाव, उन्हाचा भाव

लास वेगासहून रीनोला ९५ नंबरच्या हायवेनं निघालात की साधारण अर्ध्या वाटेवर टोनोपाह लागतं. नेवाडाचं वाळवंट, सहा हजार फूट उंची, वस्ती दोन हजारांच्या जरा वर. बहुतेक लोक इथे गाडीत पेट्रोल भरतात, पाय मोकळे करतात आणि सुटतात. आम्हीही तेच करायचो. गावाच्या वायव्येला, वीसेक किलोमीटरवर, सपाट वाळवंटात एक उंच टॉवर उभा आहे आणि त्याच्याभोवती गोल करून हजारो आरसे, त्याचं नाव क्रेसेंट ड्यून्स, उन्हावर वीज बनवायचा प्लांट. त्याच्याबद्दल वाचायला लागलो आणि वाचता वाचता गावाच्या खाणींमध्ये जाऊन पडलो, कारण दोन्हीची गोष्ट मला एकच वाटायला लागली.

इंटरनेटवर या प्लांटबद्दल दोनच प्रकारचं लिखाण सापडतं. एक गट म्हणतो सरकारी पैशाचा चुराडा, सोलर म्हणजे थापा. दुसरा गट त्याबद्दल बोलतच नाही. मला दोन्ही पटत नाही. माझं म्हणणं असं आहे की या गावात माल संपायच्या आधी भाव संपतो. चांदीचं तेच झालं आणि उन्हाचंही तेच झालं, फक्त उन्हाच्या बाबतीत ते सगळ्यांना दिसलं कारण ऊन संपलं असं कोणी म्हणूच शकत नाही.

तर आधी चांदी. १९०० सालचा मे महिना. जिम बटलर नावाचा माणूस गाढवं घेऊन या भागातून चाललेला. रात्री एक गाढव भरकटलं, सकाळी ते शोधायला गेला, त्याला मारायला दगड उचलला तर दगड हाताला जडच लागला. ही कथा गावात सगळीकडे सांगतात, आणि गाढवाचा भाग किती खरा किती मीठमसाला ते सोडून द्या, दगडात चांदी होती हे मात्र पक्कं. गंमत पुढे आहे. दगड तपासून घ्यायला बटलरकडे पैसे नव्हते. टास्कर ऑडी नावाच्या तरुण वकिलानं तपासणी करून द्यायचं कबूल केलं, त्या बदल्यात वाटा. ऑडीकडेही रोकड नव्हती, त्यानं आपल्या वाट्यातला वाटा तपासनिसाला दिला. म्हणजे खणायच्या आधीच वाटे पडले. तपासणीत भरपूर चांदी निघाली आणि आपला बटलर काय करतो, तर रँचवर गवत कापणीला आलंय म्हणून आधी ते उरकतो आणि ऑगस्टमध्ये बायकोला, बेलला, घेऊन परत येतो. दोघांनी आठ जागांवर खुंट्या ठोकून हक्क लावले. त्यातली मिझपा ही जागा बेलनं लावली, आणि सगळ्यात जास्त माल तिथेच निघाला. गावातलं जुनं हॉटेल आजही मिझपा नावाचंच आहे. हाच ऑडी पुढे नेवाडाचा गव्हर्नर झाला, सिनेटर झाला.

पहिलं वर्षभर बटलरनं स्वतः फार काही खणलं नाही. जो येईल त्याला जमिनीचा तुकडा भाड्यानं दिला, निघालेल्या मालाचा चौथा हिस्सा मालकाला, बाकी खणणाऱ्याला. आणि हे करार तोंडी! कागद नाही, सही नाही, शब्दावर. १९०१ च्या शेवटच्या दिवसापर्यंत मुदत होती आणि सांगतात की तोंडी असूनही त्यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या नाहीत. ज्यांना मुदत संपताना चांगली शीर लागलेली त्यांनी दिवसरात्र एक करून खणलं, मुदत संपली तसे बाजूला झाले. मग फिलाडेल्फियाच्या पैसेवाल्यांनी जागा विकत घेतली, मोठी कंपनी आली, रेल्वे आली, १९०५ मध्ये काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, मुख्य ठाणं जुन्या बेलमाँट गावातून उचलून इथे आणलं.

विजेचं तर मला वाचूनच आश्चर्य वाटलं. खाणीला आणि दळायच्या गिरण्यांना वीज हवी होती, आणि या भागात लाकूड नाही, कोळसा नाही, पाणी नाही. मग लोकांनी काय केलं, तर शेजारच्या कॅलिफोर्नियात बिशप क्रीक नावाच्या डोंगरी ओढ्यावर जलविद्युत केंद्र बांधलं आणि व्हाइट माउंटन्सची रांग ओलांडून शंभरहून जास्त मैलांची तार ओढून टोनोपाह आणि गोल्डफील्डला वीज आणली. हे १९०५ साली! त्या काळातल्या जगातल्या सगळ्यात लांब वीजवाहक तारांमध्ये ती धरली जायची. ज्या गावाच्या डोक्यावर एवढं ऊन, त्या गावानं पहिली मोठी वीज दुसऱ्या राज्यातल्या बर्फाच्या पाण्यापासून आणली.

आता भावाकडे येतो, कारण हा भाग कोणी फारसा सांगत नाही आणि त्यात आपला हिंदुस्थान येतो. टोनोपाहमध्ये वकिली करणारा अजून एक माणूस होता, त्याचं नाव ‘की’ (Key) पिटमन. तो १९१३ पासून सिनेटमध्ये. पहिलं महायुद्ध चालू असताना १९१८ मध्ये हिंदुस्थानात चांदीच्या रुपयांचा तुटवडा पडला, लोक नोटा देऊन रुपये मागायला लागले आणि सरकारी खजिन्यात चांदी पुरेना. ब्रिटिश सरकार अमेरिकेकडे गेलं. अमेरिकेकडे तिजोरीत चांदीचे डॉलर पडून होते. पिटमनच्या नावाचा कायदा झाला, सुमारे २७ कोटी चांदीचे डॉलर वितळवले आणि त्यातली बरीचशी चांदी बोटीनं हिंदुस्थानात गेली. पण पिटमन नेवाडाचा माणूस, त्यानं कायद्यात कलम घातलं की जेवढी चांदी गेली तेवढी परत विकत घ्यायची, ती अमेरिकन खाणींकडूनच घ्यायची आणि औंसाला एक डॉलर या भावानं घ्यायची, बाजारात काहीही भाव असो. युद्धाआधी भाव पन्नास-साठ सेंटच्या आसपास घुटमळत होता, त्यामुळे हे खाणवाल्यांना केवढं मोठं देणं होतं बघा.

१९२३ मध्ये ती खरेदी पूर्ण झाली आणि हमीभाव संपला. भाव पासष्ट सेंटच्या आसपास आला, मग मंदी आली आणि १९३२ च्या अखेरीस पंचवीस सेंटपर्यंत घसरला. खाली खोलवर शिरा बारीक झाल्या होत्या हे खरंच आहे, मी नाकारत नाही, पण कुठला दगड खनिज आणि कुठला नुसता दगड हे शेवटी भावच ठरवतो ना. एक डॉलरला जो दगड वर काढायचे तोच पंचवीस सेंटला तिथेच सोडून द्यायचे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मोठ्या खाणी थंड पडल्या, १९४७ मध्ये रेल्वे पण बंद झाली.

मधली वर्षं भरभर सांगतो. युद्धात विमानतळ झाला, नंतर लष्कराचं चाचणी मैदान, १९८० च्या दशकात रडारला न दिसणारी एफ-११७ विमानं इथे लपवून ठेवलेली आणि त्यांच्यावर काम करणारी माणसं दर आठवड्याला विमानानं ये-जा करायची. त्याच दशकात गावाच्या उत्तरेला मॉलिब्डेनम या धातूची मोठी खाण उघडली, घरं बांधली गेली, आणि भाव पडल्यावर काही वर्षांतच ती बंद. परत भावच.

आणि मग २०११. सोलररिझर्व्ह नावाच्या कंपनीला अमेरिकेच्या ऊर्जा खात्यानं ७३.७ कोटी डॉलरच्या कर्जाची हमी दिली आणि क्रेसेंट ड्यून्सचं काम सुरू झालं. क्षमता ११० मेगावॉट. नेहमीची काळी-निळी पॅनल इथे नाहीतच. १०,३४७ आरसे, एकेकाचं क्षेत्रफळ ११५ चौरस मीटर, म्हणजे ऐसपैस फ्लॅटएवढा एकेक आरसा खांबावर उभा, दिवसभर सूर्याप्रमाणे वळत राहणारा. ते सगळे ऊन फेकतात १९५ मीटर उंच टॉवरच्या डोक्यावर. तिथल्या नळ्यांमधून वितळलेलं मीठ फिरतं. खायचं मीठ नव्हे, सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम नायट्रेटचं मिश्रण. ते २८८ अंशाला वर चढतं आणि ५६५ अंशाला खाली येतं, गरम टाकीत साठवतात, आणि हवं तेव्हा त्यावर पाण्याची वाफ करून टर्बाइन फिरवायचं. दहा तासांचा साठा. सूर्य मावळला तरी रात्रभर वीज, हेच त्याचं सगळ्यात मोठं आकर्षण.

ऐकायला छान. पण या मिठाशी संसार करणं अवघड. साधारण सव्वादोनशे-अडीचशे अंशांच्या खाली गेलं की ते तूप थिजावं तसं पाइपमध्येच थिजतं, आणि पाचशे मीटर पाइपात थिजलेलं मीठ म्हणजे काय ताप असेल कल्पना करा. म्हणून संध्याकाळी टॉवरच्या नळ्यांतून सगळं मीठ खाली सोडून द्यायचं, सकाळी थोडेच आरसे वळवून रिकाम्या नळ्या आधी तापवायच्या आणि मग मीठ वर चढवायचं. पाइपांना बाहेरून विजेच्या तारा गुंडाळून सतत उबेत ठेवायचं. आणि टाकी! चाळीसेक मीटर व्यासाचा स्टीलचा तळ, थंड असताना बांधलेला, ५६५ अंशाला गेला की वीतभरापेक्षा जास्त पसरतो. एवढा पसरताना वरून हजारो टन मिठाचं वजन आणि खालून जमिनीचं घर्षण. तळाचा एखादा भाग अडकला, कुठे असमान तापला, की सांध्यावर ताण येतो. मला विचाराल तर या प्लांटचा खरा कच्चा दुवा टॉवर नव्हता, आरसेही नव्हते, सगळ्यात बोअर दिसणारा तो टाकीचा तळ होता.

प्लांट २०१५ मध्ये वीज द्यायला लागला, ऑक्टोबर २०१६ मध्ये गरम मिठाची टाकी गळली आणि जुलै २०१७ पर्यंत सगळं बंद. एकच गरम टाकी, त्यामुळे ती गेली की अख्खा प्लांट गेला. पॅनलच्या प्लांटमध्ये हजार पॅनल मेली तरी बाकीची चालतात, इथे तसं नाही. पुन्हा सुरू झाला, पण ठरवलेल्या वार्षिक विजेच्या निम्म्यापर्यंतही कुठल्याच वर्षी पोचला नाही. २०१९ मध्ये टाकीनं परत दगा दिला.

आता भाव. एनव्ही एनर्जी या वीज कंपनीशी २५ वर्षांचा करार होता, युनिटला साडेतेरा सेंट. करार ठरला तेव्हा तो दर ठीकठाक वाटत होता कारण पॅनल महाग होती. बांधून चालू होईपर्यंत पॅनलच्या किमती इतक्या कोसळल्या की त्याच नेवाडात, त्याच वीज कंपनीनं, नव्या सोलर प्लांटचे करार तीन सेंटच्या खाली केले. म्हणजे एकच ऊन, एकच गिऱ्हाईक, आणि एकाला साडेतेरा तर दुसऱ्याला तीनपेक्षा कमी. अशा वेळी गिऱ्हाईक पळवाट शोधणारच, आणि ती प्लांटनं स्वतःच दिली, ठरलेली वीज न देऊन. ऑक्टोबर २०१९ मध्ये करार रद्द झाला. २०२० मध्ये प्लांटच्या कंपनीनं दिवाळखोरी दाखल केली, सरकारचं साडेबेचाळीस कोटी डॉलरच्या आसपास येणं बाकी होतं, तडजोडीत वीस कोटी मिळाले.

तोंडी करार करणारा बटलर इथे आठवतोच. त्याचे शंभरएक भाडेकरू होते, दहा बुडाले तरी बाकीचे खणत होते. इथे वकिलांनी महिनोन् महिने घासून केलेला एकच कागद, एकच गिऱ्हाईक आणि एकच टाकी.

गावाला काय मिळालं? बांधकाम चालू असताना शेकडो लोक, मोटेलं भरलेली, हॉटेलात रांगा. बांधून झाल्यावर चालवायला चाळीस-पन्नास माणसं पुरतात. खाणीला रोज हात लागतात, सोलरला बांधेपर्यंतच लागतात. हे सोलरविरोधी बोलणं नाही, पण गावातल्या मीटिंगांमध्ये नोकऱ्यांचे आकडे दाखवताना बांधकामाचे आणि कायमचे असे दोन वेगळे रकाने मोठ्या अक्षरात दाखवायला हवेत असं मला वाटतं.

एक मात्र मान्य करायला हवं. रात्रीची वीज ही कल्पना चुकीची नव्हती. आज सगळे त्याच्याच मागे आहेत, फक्त मिठाऐवजी बॅटरी वापरतात, आणि बॅटरीला लागणारं लिथियम टोनोपाहहून साधारण तासाभरावर सिल्व्हर पीक इथे जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यातून १९६० च्या दशकापासून काढतायत. नाव बघा, सिल्व्हर पीक, म्हणजे तेही आधी चांदीचंच गाव. क्रेसेंट ड्यून्स नंतर दुसऱ्या मालकीत दुरुस्त होऊन २०२१ मध्ये परत सुरू झाला, आणि मुख्यतः रात्रीची वीज द्यायला.

आता त्या भागात ग्रीनलिंक वेस्ट नावाची ५२५ किलोव्होल्टची मोठी विजेची लाइन बांधतायत, लास वेगासहून उत्तरेकडे, बऱ्याच ठिकाणी हायवेच्या कडेकडेनं. तिच्या भरवशावर शेजारच्या एस्मेराल्डा काउंटीत सात सोलर प्रकल्प एकत्र मांडले होते, सगळे मिळून ६.२ गिगावॉट, पण ऑक्टोबर २०२५ मध्ये तो एकत्रित प्रस्ताव सरकारी यादीत रद्द झालेला दिसला, आता एकेकानं स्वतंत्र अर्ज करायचा. लाइन आधी, प्लांट नंतर, आणि मधे परवानग्या.

कधी त्या रस्त्यानं गेलात तर पेट्रोल भरून लगेच सुटू नका. गावातच बटलरच्या मूळ जागांवर जुन्या खाणींचं पार्क आहे, तिकीट काढून आत जाता येतं. एका बोगद्यात चालत गेलं की शेवटी लोखंडी पिंजरा आहे, त्यात उभं राहून खाली बघायचं, पाचशे फूट खोल मोकळी भेग, चांदीची शीर होती तेवढी कापून नेलेली आणि दोन्ही बाजूचा दगड जसाच्या तसा सोडलेला. उंचीची भीती असेल तर बाहेरच थांबा, मी कठडा सोडला नव्हता.