गाडी पाणंदीत तापते, हायवेला नाही: माझा अनुभव

आधी एवढंच सांगतो. तुमची वॉटरकूल मोटरसायकल (रेडिएटरच्या पाण्यानं इंजिन थंड ठेवणारी) तापत असेल आणि कुणी 'हेड गॅस्केट', म्हणजे इंजिनाच्या हेडखालचं सील, 'गेलंय' म्हणालं, तर लगेच इंजिन खोलायला हो म्हणू नका. रेडिएटरचं टोपण तपासलं का, ते विचारा. मला ही गोष्ट कळेपर्यंत गाडी १७ दिवस एका सर्व्हिस सेंटरच्या मागच्या शेडमध्ये उभी होती.

आमचं शेत कोल्हापूरजवळ, गगनबावडा रोडच्या आतल्या बाजूला आहे. ऊसतोड सुरू झाली की पाणंदीत ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागं पहिल्या गिअरवर अर्धा-पाऊण तास सरकत राहावं लागतं. जानेवारीत तिथंच पहिल्यांदा मीटरवरची तापमानाची पट्टी शेवटच्या घरात गेली. फॅन सुरू झाला तो थांबेना. थोड्या वेळानं पायापाशी हिरवं, गोडसर वासाचं पाणी, म्हणजे रेडिएटरमधलं कूलंट, ठिबकायला लागलं. घरी येऊन बघितलं तर रेडिएटरच्या जाळीत पाचटाचा भुगा आणि वाळलेला चिखल. नळाच्या साध्या पाईपनं, इंजिनाच्या बाजूनं पुढं पाणी मारून धुतलं. फ्यूज बघितला, फॅनला थेट बॅटरीचं कनेक्शन दिलं, तो व्यवस्थित फिरला. कूलंटच्या टाकीतलं पाणी कमी झालं होतं म्हणून बोअरचं पाणी ओतलं, जे करायला नको होतं. चार दिवसांनी पुन्हा तेच, म्हणून गाडी सर्व्हिस सेंटरला दिली.

जॉबकार्डवर त्यांनी दोनच शब्द लिहिले: 'गरम होते.' मी सांगत होतो, "साहेब, पहिल्या गिअरवर, हळू चालवताना तापते. हायवेला तापत नाही. तेवढं लिहा." ते लिहिलं नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला, "सर, आम्ही हायवेनं शिरोलीपर्यंत चालवून बघितली, काहीच प्रॉब्लेम नाही. घेऊन जा." म्हणजे ज्या रस्त्यावर गाडी तापतच नाही, त्याच रस्त्यावर तिची परीक्षा घेतली. साठच्या स्पीडला समोरून वारा रेडिएटरमधून जातो, फॅनची गरजही पडत नाही. चालत्या माणसाच्या वेगानं गेल्यावर खरं काय ते कळतं. मी तिथं जाऊन हे समजावून सांगितलं. गाडी स्टँडवर लावून २० मिनिटं नुसती चालू ठेवा म्हटलं. "बघतो सर."

त्यानंतर आठ दिवस काहीच नाही. फोन केला की मेकॅनिक सुट्टीवर, नाहीतर साहेब मीटिंगमध्ये. एकदा म्हणाले थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) पुण्याहून मागवलाय. दोन दिवसांनी विचारलं तर तो मागवलाच नव्हता. मी रोज केएमटीच्या बसनं ऑफिसला जात होतो आणि संध्याकाळी वाकडी वाट करून तिथं जाऊन उभा राहत होतो. गाडीवर धूळ साचत होती, पेट्रोल टाकीवर कुणीतरी पाने ठेवले होते. ती गाडी मी दोन वर्षं पैसे साठवून घेतली आहे. ते बघून फार वाईट वाटलं.

चौदाव्या दिवशी एकदम निदान आलं. हेड गॅस्केट. इंजिन खोलावं लागेल, १८ हजार खर्च. वॉरंटीत बसणार नाही, कारण "तुम्ही चिखलात चालवता." चिखलात चालवायलाच ही गाडी बनवली आहे! मी शांतपणे गॅस्केट गेल्याच्या खुणा विचारल्या: रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले का? ऑइल दुधाळ झालंय का? सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो का? दाब भरून गळती बघायची प्रेशर टेस्ट केली का? शेवटच्या प्रश्नाला उत्तर मिळालं, "तो टूल आमच्याकडे नाही." मग गॅस्केट गेलं हे कशावरून? "सर, पाणी बाहेर टाकतीय ना." त्याच्यावरून! मी म्हणालो, हेच कारण जॉबकार्डवर लिहून सही करून द्या. दिलं नाही. आणखी तीन दिवस वाद घातला, तपासणीचे ६०० रुपये भरले आणि गाडी घेऊन आलो.

विसरायच्या आधी सांगतो: इंजिन तापलेलं असताना रेडिएटरचं टोपण कधीही उघडू नका, फडकं लावूनसुद्धा नाही. आत दाबाखालचं उकळतं पाणी असतं, सरळ तोंडावर येतं. गाडी वाटेत तापली तर उभी करा, इंजिन बंद करा आणि चावी चालू ठेवा. माझ्या गाडीत फॅन त्यानंतरही फिरत राहतो.

मित्रानं उद्यमनगरातल्या एका रेडिएटरवाल्या मामांकडं पाठवलं. तिथं ट्रक, ट्रॅक्टरचे रेडिएटर रांगेनं लावलेले, मोटरसायकल माझी एकटीच. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इंजन कशाला खोलतोस? आधी हे टोपण बघूया की." थंड इंजिनावर टोपण काढून गाडी चालू केली, एकही बुडबुडा नाही. ऑइल स्वच्छ. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, ते कोरडं होतं. तिथून पाणी ठिबकलं तर पंपाचं सील गेलं म्हणून समजायचं. त्यांचा प्रेशर पंप मोठ्या तोंडाच्या रेडिएटरचा, माझ्या गाडीला बसेना. मामा शेजारच्या लेथवर गेले आणि अर्ध्या तासात जोडणीचा तुकडा घासून आणला. १७ दिवस 'टूल नाही' ऐकलेल्या माणसाला त्या क्षणी काय वाटलं असेल!

सिस्टीममध्ये १.१ बार (बार हे दाबाचं माप) दाब भरला, चहा पिऊन आलो, काटा जागचा हलला नव्हता, म्हणजे गळती नाही. मग टोपण प्रेशर पंपावर लावलं. त्यावर १.१ लिहिलंय, पण ०.४ लाच ते सुटलं. रबर कडक झालं होतं आणि आतली छोटी झडप क्षारानं चिकटली होती.

मामांनी हिशोब समजावला. पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं असलं की ते साधारण १०७ अंशाला उकळतं. १.१ बारचा दाब असेल तर १२५ च्या पुढं. दाब टिकत नाही म्हणजे हळू चालताना कूलंट आतच उकळणार आणि बाजूच्या टाकीत जाणार. छोट्या झडपेचं काम गाडी थंड झाल्यावर तेच पाणी परत आत ओढायचं. ती चिकटली, म्हणून दर खेपेला आत पाणी कमी आणि हवा जास्त. मी ओतलेल्या बोअरच्या पाण्यानं त्यात क्षारांची भर घातली. डिस्टिल्ड वॉटर कुठल्याही बॅटरीच्या दुकानात मिळतं, तेच वापरा.

टोपण ४५० रुपये. आतून दोनदा धुऊन नवीन कूलंट भरलं. भरताना पुढचं चाक उंचावर घेतलं, रेडिएटरचे रबरी पाईप दाबत दाबत हवा काढली. हे चुकवू नका, हवा अडकली तर नवीन टोपण लावूनही गाडी तापते. मामांनी मजुरी ३०० सांगितली, मी ५०० दिले.

त्याच आठवड्यात त्याच पाणंदीत, उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्यांच्या मागं ४० मिनिटं गेलो. फॅन लागत होता, मिनिटाभरात बंद होत होता. पट्टी मधल्या घराच्या वर गेली नाही. सकाळी टाकीत बघितलं, पाणी दोन रेघांच्या बरोबर मधे. जॉबकार्डची प्रत मात्र अजून मिळालेली नाही. सोमवारी जुनं टोपण खिशात घालून ती मागायला जाणार आहे.