अरेषीय अनुकूली फिल्टर डीएसपीवर रिअल टाइममध्ये चालवताना : माझा अनुभव

डीएसपीवर (सिग्नलवर प्रक्रिया करणाऱ्या खास प्रोसेसरवर) स्पीकरफोनमधला प्रतिध्वनी काढण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा नेहमीचा रेषीय अनुकूली फिल्टर (उरलेली त्रुटी पाहून स्वतःचे गुणांक सुधारत शिकणारा) पुरेल असेच मी धरून चालले होते. बर्नार्ड विड्रो आणि टेड हॉफ यांनी 1960 मध्ये मांडलेली, गुणांक सुधारण्याची एलएमएस (लीस्ट मीन स्क्वेअर) पद्धत अशा कामात नेहमी वापरली जाते आणि कमी आवाजात तिने उत्तम कामही केले. आवाज वाढवला की मात्र उरलेला प्रतिध्वनी पुन्हा स्पष्ट ऐकू येई. म्हणून स्पीकरला 500 हर्ट्झचा शुद्ध स्वर देऊन फिल्टरनंतर उरलेल्या सिग्नलचा वर्णपट पाहिला. त्यात 500 वरची रेषा जवळजवळ नाहीशी झाली होती, पण 1000 हर्ट्झवर एक ठळक रेषा तशीच उभी होती. लहान स्पीकरचा पडदा मोठ्या आवाजात मर्यादेपलीकडे ताणला जातो आणि मूळ सिग्नलमध्ये नसलेली वारंवारता निर्माण करतो. रेषीय फिल्टरने कितीही शिकले तरी त्याला ती नवी वारंवारता तयार करता येत नाही.

इटालियन गणितज्ञ व्हितो व्होल्टेरा यांच्या नावाने ओळखली जाणारी मालिका इथे उपयोगी पडते. तिच्या दुसऱ्या, म्हणजे वर्गीय पदात नमुन्यांचे (ठरावीक अंतराने मोजलेल्या सिग्नलच्या मूल्यांचे) एकमेकांशी झालेले गुणाकार असतात आणि त्यांतून नवी वारंवारता तयार होऊ शकते. रेषीय भागासाठी 256 आणि वर्गीय भागासाठी 32 नमुन्यांची स्मृती मी ठरवली. सारख्या जोड्या एकदाच मोजल्या तर वर्गीय भागाचे 528 गुणांक होतात, म्हणजे एकूण 784. सेकंदाला 8000 नमुने येत असल्याने प्रत्येक नमुन्यासाठी 125 मायक्रोसेकंद मिळतात आणि 100 मेगाहर्ट्झच्या प्रोसेसरवर ते प्रोसेसरच्या घड्याळाच्या 12,500 आवर्तनांएवढे होतात. कागदावर हा हिशेब ऐसपैस वाटत होता.

पहिलाच प्रयत्न फसला. रिअल टाइममध्ये ब्रेकपॉइंट (प्रोग्राम मध्येच थांबवणारी खूण) लावून काही कळत नाही, कारण प्रोसेसर थांबला तरी नमुने येतच राहतात. म्हणून इंटरप्टमध्ये (नवा नमुना आला की चालणाऱ्या कोडमध्ये) शिरताना प्रोसेसरची एक पिन वर आणि बाहेर पडताना खाली करून मी ती ऑसिलोस्कोपवर पाहिली. पिन खाली येतच नव्हती. काही क्षणांसाठी आली तरी लगेच वर जाई. एका नमुन्याचे काम संपण्याआधी दुसरा नमुना दारात उभा राहत होता. सगळे 528 गुणाकार मी दर वेळी नव्याने करत होते आणि बफरमधली (नमुने साठवण्याच्या स्मृतीतली) प्रत्येक जागा शोधण्यासाठी भागाकाराची बाकी काढत होते.

मार्ग सापडला तो गुणाकारांची मांडणी बदलल्यावर. ‘आत्ताचा नमुना गुणिले पाच नमुन्यांपूर्वीचा नमुना’ ही संख्या पुढच्या क्षणी बदलत नाही, ती फक्त एक पाऊल जुनी होते. त्यामुळे जोड्यांचा चौकोन ओळींऐवजी कर्णांनी वाचला, तर प्रत्येक कर्ण ही स्वतंत्र विलंबरेषा (मूल्ये एकेक पाऊल मागे सरकत जाणारी रांग) ठरते आणि दर नमुन्याला केवळ 32 नवे गुणाकार करावे लागतात. प्रत्येक कर्णासाठी वेगळा सर्क्युलर बफर (शेवट आला की पुन्हा सुरुवातीकडे वळणारा) ठेवला, पत्ता फिरवण्याचे काम प्रोसेसरच्या हार्डवेअरकडे सोपवले आणि आतली लूप असेम्ब्लीत (प्रोसेसरच्या मूळ सूचनांच्या भाषेत) लिहिली. पिनवरचा स्पंद, म्हणजे एका नमुन्याच्या कामाला लागणारा वेळ, 48 मायक्रोसेकंदांवर आला.

वेळेचा प्रश्न सुटला, पण 1000 हर्ट्झची रेषा तसूभरही हलली नाही. तोच अल्गोरिदम संगणकावर फ्लोटिंग पॉइंटमध्ये (दशांश चिन्ह सरकते ठेवून अगदी लहान संख्याही जपणाऱ्या पद्धतीत) व्यवस्थित शिकत होता. दोन्हीकडचे गुणांक शेजारी ठेवून पाहिल्यावर कळले की प्रोसेसरवरचे वर्गीय गुणांक काही काळ हलत आणि मग गोठून जात. सोळा बिटांच्या अपूर्णांकात सर्वांत लहान पायरी 1/32768 म्हणजे साधारण 0.00003 असते. सिग्नल 0.01 असेल तर त्याचा वर्ग 0.0001 होतो, म्हणजे जेमतेम तीन पायऱ्या. त्याला लहान झालेल्या त्रुटीने आणि शिकण्याचा वेग ठरवणाऱ्या गुणकाने गुणले की दुरुस्ती एका पायरीपेक्षाही लहान होते आणि साठवताना शून्य होऊन जाते. फिल्टर योग्य दिशा ओळखत होता, पण त्याचे पाऊलच पडत नव्हते. आठवडाभर मी अल्गोरिदमवर संशय घेत राहिले, याचे आजही वाईट वाटते.

त्यानंतर गुणांक 32 बिटांत ठेवले; फिल्टर करताना वरचे सोळा बिट वापरायचे, दुरुस्ती मात्र पूर्ण लांबीवर करायची. कर्णांमधले गुणाकारही 32 बिटांत साठवले. रेषीय आणि वर्गीय भागांच्या ऊर्जेत फार मोठा फरक असतो, म्हणून दोघांचे प्रमाणीकरण (ऊर्जेने भागणे) आणि शिकण्याचा वेग ठरवणारा गुणक वेगळा केला. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून निसटते. वर्ग केला की सरासरी शून्य राहत नाही, आणि स्पीकर व मायक्रोफोन तर स्थिर घटक पुढे जाऊच देत नाहीत. त्यामुळे फिल्टरची शक्ती तो घटक खोडण्यात वाया जात होती. प्रत्येक कर्णाच्या तोंडाशी सरासरी वजा करणारा छोटा टप्पा बसवला. नव्या संख्या 32 च असल्याने तो स्वस्त पडला. स्पंद 61 मायक्रोसेकंदांवर गेला आणि त्या वाढीबद्दल मला जराही खंत नाही. वर्णपटात 1000 हर्ट्झची रेषा डोळ्यांदेखत हळूहळू खाली उतरताना पाहिली, तेव्हा मी बराच वेळ पडद्यासमोरून उठले नाही.

शेवटचा बदल प्रत्यक्ष संभाषण ऐकल्यावर केला. जवळची व्यक्ती बोलू लागली की तिचा आवाज फिल्टरला त्रुटीच वाटतो, आणि रेषीय भागाच्या कितीतरी आधी वर्गीय गुणांक भरकटतात. म्हणून आता जवळच्या बोलण्याचा नुसता संशय आला तरी वर्गीय भागाचे शिकणे थांबते. रेषीय भागाचे मात्र खात्री पटल्यावरच.